अर्ध्यावर राहिलेलं भूत

तुमच्या घरी भूत आहे का हो? दचकू नका! आमच्या घरी होतं. गेल्या पावसाळ्यात चांगले नऊ दिवस मुक्कामाला होतं. आणि त्याला घरात ठेवून घेणारी मीच, हे मला फार उशिरा कळलं. तीच हकीकत आज तुम्हाला सांगते.

आमचे धाकटे चिरंजीव सात वर्षांचे. मी सकाळचे चार तास एका शाळेत शिकवते, बाकी सगळा वेळ घर. त्या रविवारी संध्याकाळी मी थालीपिठं लावत होते. पोरं भुणभुण करू नयेत म्हणून थोरलीनं टीव्हीवर 'स्कूबी डू' लावून दिलं होतं. आपल्यापैकी ज्या आज पस्तिशीच्या आसपास आहेत, त्यांनी लहानपणी शाळेतून आल्यावर हा घाबरट कुत्रा पाहिला असेलच. चार तरुण मुलं, एक कुत्रा, रंगीबेरंगी गाडी आणि दर भागात नवं भूत! लावला होता तो त्यातला अगदी पहिला भाग.

पौर्णिमेची रात्र. निर्मनुष्य रस्त्यावर एक गाडी उभी आणि चालकाच्या जागी चक्क लोखंडी चिलखत बसलेलं! ते वस्तुसंग्रहालयात पोचवायचं होतं, पण पोचवणारे प्राध्यापक बेपत्ता. पौर्णिमेला हा 'काळा सरदार' जिवंत होतो म्हणे. पोरं संग्रहालयात शिरतात आणि खरोखरच तो सरदार त्यांच्या मागे लागतो...

इतक्यात दाराची घंटा वाजली. 'ह्यां'च्या ऑफिसातली मंडळी दारात. मी पिठाच्या हातानं टीव्ही बंद केला. "पुरे झालं ते, अभ्यासाला बसा!"

संपलं. म्हणजे मला तसं वाटलं.

नऊ रात्री

त्या रात्रीपासून धाकटा एकटा न्हाणीघरात जाईना. दिवा मालवू देईना. ह्यांचा पावसाळी कोट दारामागच्या खुंटीवर लटकत असे. तो पाहून किंचाळला. तिसऱ्या रात्री अंथरूण ओलं झालं. आणि मैत्रिणींनो, इथं मी चुकले. सकाळी नणंदबाई आलेल्या, त्यांच्यादेखत मी बोलून गेले, "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" त्याचा चेहरा असा काही झाला की आजही आठवलं तरी पोटात कालवतं. त्या दिवसापासून तो दुपारनंतर पाणी पिईना. का, ते कळायला मला दोन दिवस लागले.

घरात जो तो आपापला उपाय सांगू लागला. हे म्हणाले, "टीव्हीच काढून टाका." शेजारच्या वहिनींनी कुणा 'बाहेरचं बघणाऱ्या'चं नाव सुचवलं. सासूबाईंनी मीठमोहरीनं दृष्ट काढली, पण त्या 'बाहेरच्या'ला मात्र त्यांनी उंबऱ्याशीच अडवलं. म्हणाल्या, "अगं, पोरगं घाबरलंय, त्याला काही झालेलं नाही!" दृष्ट काढून झाल्यावर धाकटा आजीला घट्ट बिलगून उभा राहिला. तेवढी पाच मिनिटं तो शांत होता. औषध कशात होतं, ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षात आलं ते शाळेत. तिसरीच्या वर्गाला गोष्ट सांगत होते, मध्येच तास संपला. मी खडू ठेवून निघाले तर मुलं दार अडवून उभी! "बाई, पुढे काय झालं ते सांगून जा ना!" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या पोराला पुढं काय झालं ते कुणी सांगितलंच नव्हतं! मी टीव्ही बंद केला तेव्हा तो काळा सरदार धावत होता. नऊ रात्री तो धावतच होता.

मुखवटा निघाला

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तोच भाग पहिल्यापासून पाहायला बसलो. मी, दोन्ही मुलं आणि सासूबाईसुद्धा. धाकटा माझ्या पदराआड. शेवटी चिलखताचं शिरस्त्राण निघालं आणि आतून बाहेर आला संग्रहालयाचाच मुख्य माणूस! खरी चित्रं गुपचूप विकायची, नकली भिंतीवर टांगायची आणि कुणी चौकशी करू नये म्हणून भुताची आवई उठवायची! "म्हणजे चोरच की मेला!" सासूबाई म्हणाल्या आणि धाकटा नऊ दिवसांनी पहिल्यांदा खळखळून हसला.

गंमत ऐका. ही मालिका अमेरिकेत १९६९ साली आली. त्याआधी तिथल्या पालकांच्या संघटनांनी मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध तक्रारींचा धोशा लावला होता. तेव्हा मारामारी नाही पण उत्कंठा आहे असं काहीतरी हवं, म्हणून हॅना-बार्बेरा कंपनीच्या जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी ही कल्पना रचली. भीती दाखवायची, लगेच हसवायचं आणि शेवटी मुखवटा काढायचा! टोळीतले सर्वांत भित्रे दोघे, म्हणजे शॅगी आणि कुत्रा, नेमके धागेदोरे शोधतात. घाबरूनही माणूस काम करू शकतो, हे पोरांना न शिकवता कळतं. पण हे सगळं शेवट पाहिला तर!

आणि आपला शनिवारवाडा?

तुम्हाला वाटेल, संपलं. छे! पुण्यातलं पोर ते. रात्री विचारतं, "आई, मग शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' कोण ओरडतं? त्याचा मुखवटा कोण काढणार?" हे वर्गातल्या मित्रानं भरवलेलं. पुण्यात वाढलेल्या कुठल्या मुलानं ही गोष्ट ऐकलेली नाही?

'गप झोप' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, ही गोष्टसुद्धा अर्धवटच ऐकली आहे यानं. मग सांगितली. नारायणराव पेशवे म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यातल्याच गारद्यांनी त्याला मारलं. तो भूत नव्हता रे, घाबरलेला मुलगा होता आणि त्याला मारणारी हाडामांसाची माणसं होती. पुढं रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. वाडा १८२८ सालच्या आगीत जळाला. आता आत चौथरे आणि बाग उरली आहे.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रामशास्त्र्यांनी मुखवटा काढला." आणि थोड्या वेळानं, "त्याला वाचवायला कुणीच नाही आलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं, एवढंच.

पुढच्या रविवारी आम्ही बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. दिवे, अडकित्ते, वाद्यं बघत बघत शस्त्रं-चिलखतांपाशी आलो. धाकट्यानं माझा हात दाबला, मग सोडला, काचेला नाक लावलं आणि जाहीर केलं, "आत कुणीच नाही!" बाहेर पडताना 'राजा' कोण, असं त्यानं विचारलं. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हा सारा संग्रह उभा केला. माणसं गेलेल्यांना अशीही आठवतात, हेही त्या दिवशी त्याला कळलं.

माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी

भुताखेतांचं कार्टून सुरू झालं तर मध्येच बंद करू नका. शक्य तर जवळ बसा, नाहीतर शेवट काय झाला ते आवर्जून विचारा. अगदी झोपण्याच्या वेळेला असलं काही नकोच.

"भूतबीत काही नसतं, झोप!" एवढ्यावर भागत नाही. कशाची भीती वाटते ते त्याला सांगू द्या, चित्र काढू द्या. खुंटीवरचा कोट दिवा लावून त्यालाच हातात घेऊ द्या.

अंथरूण ओलं झालं तर चादर मुकाट्यानं बदला. चारचौघांत त्याचा उच्चार नको. भीती आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-जेवण-शाळा बिघडली, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवा.

आणि चौथी आपल्यासाठी. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल" हे आपणच म्हणतो ना? मग रात्री तो आला, तर पोराला रागवायचं कुठल्या तोंडानं?

आता धाकटा एकटा न्हाणीघरात जातो. जाताना मात्र हाक मारतो, "आई, जागी आहेस ना?"

"आहे रे," मी म्हणते. आणि तो येईपर्यंत खरंच जागी असते.