धानाच्या बांधीतून

अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

संपादक महाशय,

कोल्हापूरहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या पाटीवर आपल्याकडच्या बहुतेकांनी गोंदियाचं नाव वाचलेलं असतं. गाडी तिथे थांबते आणि राज्यही तिथून फार पुढे जात नाही. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. विदर्भ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कापूस आणि भेगाळलेली जमीन येते, पण या टोकाला तसं काहीच नाही. आषाढात नजर पोचेल तिथवर बांधी, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली धानाची खाचरं. मधूनच एखादा तलाव, त्यापलीकडे साग-मोहाचं जंगल.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३,२२,५०७ होती आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. दहातले आठ जण खेड्यात राहतात. पोवार, कुणबी, कोहळी, गोंड, हलबा, ढिवर अशा अनेक समाजांची ही वस्ती. मराठी झाडीबोलीच्या वळणाची, शिवाय घराघरांत पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी.

सध्या रोवणी चालू आहे. पहाटे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत त्या अंतरा-अंतरावर टाकायच्या आणि मग बायांची रांग वाकून मागे मागे सरकत रोवत जाते. अंगठा आणि दोन बोटांत दोन-चार काड्या धरून चिखलात दाबायच्या, की पुढची चिमूट. दिवसभर पाय घोटाभर पाण्यात आणि कमरेत वाकलेलं शरीर. आपल्या ताटातल्या भाताची ही मेहनत मला फार मोठी वाटते आणि तिचा मोबदला फार लहान.

पाऊस इथे वर्षाला सरासरी १२०० मिलीमीटरच्या वर पडतो. मग तलाव कशाला, असं कुणीही विचारेल. अडचण वेळेची आहे. हलका धान लवकर निघतो, पण भारी धानाचा दाणा भरतो तो पाऊस ओसरल्यावर. हस्त नक्षत्राने दगा दिला तर लोंबी पोचट राहते. त्या पंधरा दिवसांचं पाणी राखून ठेवायला इथल्या पूर्वजांनी उतारावर मातीच्या पाळी घातल्या. कोहळी समाज या कामात वाकबगार. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने बांधला, असं परंपरा सांगते. सात बहिणींचे डोंगर म्हणतात त्या टेकड्यांच्या मधली दरी अडवून केलेला हा तलाव. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे नवेगावबांध मराठी वाचकाला परका नाही, पण ते पाणी कोणीतरी विचारपूर्वक अडवलेलं आहे, याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं.

जिल्ह्यात असे माजी मालगुजारी तलाव १४०० हून अधिक आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये गेली. ती जायलाच हवी होती. तलाव सरकारचे झाले आणि शेतकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे पाणी वापरण्याचे हक्कही कागदावर राहिले. दरवर्षी पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी उपसायचा, याची जबाबदारी मात्र गावाकडून सुटली आणि नव्या मालकाने ती तितक्या आस्थेने कधीच उचलली नाही. तलाव उथळ झाले. काहींच्या पोटात बेशरम ही झुडपी वनस्पती माजली, काहींच्या पोटात अतिक्रमणाची शेती आली. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेलं गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि बाघ प्रकल्पाचे कालवे मोठ्या क्षेत्राला पाणी देतात हे खरं, पण कालवा पोचत नाही त्या गावाला तलावच आधार.

आणखी एक गोष्ट तुमच्या वाचकांना नवी वाटेल. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत: अरुणनगर, पुष्पनगर, दिनकरनगर. नद्यांच्या मुखाशी, पाण्यात वाढलेली ही माणसं समुद्रापासून इतक्या दूर आली आणि भात नि मासळी यांच्याच जोरावर उभी राहिली. जवळच प्रतापगडच्या पायथ्याला तिबेटी वसाहतही आहे.

धान निघाला की पैशाचा प्रश्न. आधारभूत केंद्रावर मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळ धान घेतं. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. केंद्र उघडायला उशीर झाला की गरजू शेतकरी कमी भावात व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. पुढे तो धान गोंदियाच्या राईस मिलमध्ये जातो. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, तरी बहुतेक घरं चालतात ती धानावर, उन्हाळ्यातल्या तेंदूपानावर, मोहफुलावर आणि कामासाठी बाहेर गेलेल्या पोरांच्या कमाईवर.

मला सगळ्यात आशादायक वाटतं ते ढिवर या मच्छीमार समाजाचं काम. बाहेरून रोहू-कतल्याचं बीज आणून सोडलं, पण तलावातल्या पाणवनस्पती गेल्या तशी गावठी मासळीही आटली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने या भागातल्या काही मच्छीमार संस्थांनी उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरलं, बेशरम मुळासकट काढली आणि देवधानासारख्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. यात बाया पुढे होत्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या अंड्यांना आसरा देते, हे ज्ञान त्यांच्याकडे होतंच. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः या जिल्ह्यात, आणि तोही अशाच पाणथळीत चरतो, बांधीत घरटं करतो.

तंटा मात्र मिटलेला नाही. उन्हाळी धान लावणाऱ्याला तलावाचं सगळं पाणी खाली सोडून हवं असतं. ढिवर म्हणतात, मासळी जगेल एवढं तरी राखा. दोघांचंही पोट त्याच पाण्यावर आहे. तलावात किती पाणी राखायचं, हे गावाने पावसाळ्याआधीच बसून ठरवावं आणि जिल्हा परिषदेने मासेमारीचा ठेका देताना ती अट लेखी घालावी, असं माझं मत आहे.

आपला,
वार्ताहर