डोंगर वाचायची परवानगी

अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवरून उत्तरेला पाहिलं की गाविलगडाचे डोंगर हळूहळू चढत जाताना दिसत नाहीत, ते एकदम उभे राहतात. सपाटी संपते आणि भिंत सुरू होते. असं जिथे दिसतं तिथे जमीन बहुधा कधीतरी तुटलेली असते, आणि इथे ती तुटली आहेच. सातपुड्याच्या पायथ्याने गेलेल्या भ्रंशाच्या दक्षिणेकडचा भाग खाली खचला, त्या खळग्यात पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी शेकडो फूट गाळ आणून टाकला, आणि त्या गाळातलं पाणी खारं झालं. चिखलदऱ्याच्या कड्यांवर दिसणारा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड या गाळाच्या तळाशीही आहे. ‘इथं पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारं’ असं खारपाणपट्ट्यात पुष्कळ जण सांगतात. समजूत सोपी आहे, पण गाळ नदीचा आहे. चिकणमातीचे जाड थर, पाण्याचा जवळजवळ न होणारा निचरा आणि वैशाखातलं ऊन यांनी हजारो वर्षांत क्षार साठवले, हे खारेपणाचं मुख्य कारण. हे कळायला कोणाला तरी नाले, विहिरी आणि डोंगराचा पायथा पायी पालथा घालावा लागला. भूशास्त्राचा पुरावा आपण होऊन प्रयोगशाळेत चालत येत नाही. म्हणूनच या शास्त्रात ‘कोणाला कुठे जाऊ दिलं’ हा प्रश्न सामाजिक न्यायापुरता राहत नाही. शास्त्राला काय दिसलं आणि काय दिसायचं राहिलं, हेही त्यावरच ठरतं.

मारिया ऑगिल्व्ही गॉर्डन यांचं आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. चरित्रकोशांत त्यांची ओळख दोन तुकड्यांत येते: आल्प्समधल्या डोलोमाइट पर्वतांच्या भूशास्त्रज्ञ आणि ब्रिटनमधल्या स्त्री-चळवळीच्या पुढारी. जणू सकाळी एक काम आणि संध्याकाळी दुसरं. माझ्या मते ही दोन कामं नव्हतीच. १८६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या मोनीमस्क गावी त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षणक्षेत्रातले, ॲबर्डीनमधल्या एका नामांकित शाळेचे प्रमुख. वयाच्या अठराव्या वर्षी मारिया पियानो शिकायला लंडनला गेल्या, पण लवकरच संगीत सोडून विज्ञानाकडे वळल्या आणि १८९० मध्ये लंडन विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं ठरलं. बर्लिन विद्यापीठाने बाई म्हणून प्रवेश नाकारला. म्युनिकमध्ये कार्ल फॉन झिटेल यांच्यासारखे मोठे प्राध्यापक शिकवायला राजी होते, पण वर्गात बसायची सोय नव्हती. शेजारच्या खोलीत बसून, दार किलकिलं ठेवून त्यांनी व्याख्यानं ऐकली, असं सांगितलं जातं.

१८९१ च्या उन्हाळ्यात नामवंत भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन त्यांना डोलोमाइटमध्ये घेऊन गेले. साठीकडे झुकलेल्या रिश्टहोफेन यांना त्यांच्याबरोबर कडे चढणं शक्य नव्हतं. म्हणजे पुढचं काम एकटीने, फार तर स्थानिक वाटाड्यांच्या सोबतीने. सेंट कॅसियनच्या कुरणांत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास, भुसभुशीत मातकट थरांत सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे शंख, शिंपले, प्रवाळ आणि स्पंज सापडतात. बरेचसे नखाएवढे, पण वरची नक्षी शाबूत असलेले. कोर्वाराचे योसेफ कोस्टनर हे वाटाडे ते गोळा करायला मदत करत. मारियांनी या थरांतल्या ३४५ प्रजातींची नोंद केली. कोणता जीवाश्म कोणत्या थरात, तो थर कुठून कुठे जातो आणि कुठे तुटतो, हे नकाशावर उतरवलं. १८९३ मध्ये हा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि त्याच वर्षी त्या लंडन विद्यापीठाच्या पहिल्या महिला डी.एस्सी. ठरल्या. पण ज्या संस्थेने निबंध छापला, तिने महिलांना सदस्यत्व दिलं ते १९१९ मध्ये. मधली २६ वर्षं त्यांचं लेखन संस्थेला चाललं, त्या स्वतः चालल्या नाहीत. म्युनिकनेही १९०० मध्ये त्यांना पीएच.डी. दिली, आणि बव्हेरियातल्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर नाव नोंदवू दिलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. पदवी आधी, प्रवेश मागाहून!

यावर शास्त्राच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे. डोलोमाइटचे उभे सुळके हे मुळात समुद्रातल्या प्रवाळभित्ती होत्या, असं रिश्टहोफेन आणि भूशास्त्रज्ञ मॉयसिसोविक्स यांचं मत होतं. मारियांनी त्याला विरोध केला आणि त्या रचनेचं श्रेय बरंचसं भूकवचाच्या पिळवटण्याला दिलं. आज भूशास्त्र प्रवाळांच्या बाजूने आहे. ते डोंगर उथळ, उष्ण समुद्रातल्या चुनखडकांच्या पठारांपासून झाले, हे पक्कं मानलं जातं. मग मारिया चुकल्या आणि प्राध्यापक बरोबर होते, एवढ्यावर विषय संपतो का? संपत नाही. प्रवाळांच्या सिद्धांताने त्या डोंगरांचा जन्म सांगितला, पण पुढे त्यांचं काय झालं ते सांगितलं नाही. थर एकमेकांवर सरकलेले आहेत, एका दिशेच्या घड्या दुसऱ्या दिशेच्या घड्यांना छेदतात, जुना खडक नव्यावर चढून बसला आहे, हे मारियांनी बारीक नकाशे काढून दाखवलं. वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या दाबांची ही कल्पना त्या पर्वतांच्या पुढच्या अभ्यासांतही टिकली. सरकलेले थर ओळखायला ओढ्यांत उतरावं लागत होतं. ‘दृष्टी वेगळी कारण बाई वेगळी’ असलं गोडगोड काही मला इथे म्हणायचं नाही, मारियांनाही ते रुचलं नसतं. मुद्दा साधा आहे. कड्याकपारींत अनेक महिने घालवायला तयार असलेली एक अत्यंत कसबी निरीक्षक हाताशी होती आणि विद्यापीठं तिला दाराआड बसवत होती. डोलोमाइटच्या रचनेबद्दलचं ज्ञान या व्यवस्थेमुळे पुढे गेलं नाही, या व्यवस्थेला डावलून गेलं.

दुसरा आक्षेप असा की त्या नशीबवान होत्या. शिकवणारे वडील, मोठ्या मनाचे प्राध्यापक, लग्नानंतर (१८९५) पाठीशी उभे राहिलेले डॉक्टर पती. मुलं लहान असतानाही त्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये जात. मग भेदभावाचं रडगाणं कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. एकेका सज्जनाच्या कृपेने उघडणारं दार म्हणजे हक्क नव्हे. सज्जन बदलला की दार बंद. हे त्यांना नेमकं कळलं होतं, याचा पुरावा त्यांच्या दुसऱ्या कामात आहे. १९०८ मध्ये त्यांनी शाळा सोडणाऱ्या मुला-मुलींसाठी व्यवसायांची माहिती देणारी पुस्तिका लिहिली: कोणती कामं आहेत, त्यांत शिरायचं कसं. स्वतःला लाभलेले वडील आणि झिटेल ज्या मुलीला लाभणार नाहीत, तिच्यासाठी ही वाटाड्याची वही होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या ब्रिटनच्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनच्या अध्यक्ष होत्या. राष्ट्रसंघात स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावं म्हणून झटल्या. लंडनच्या न्यायालयात दंडाधिकारी म्हणून बसल्या. त्याच युद्धात त्यांचं मोठं हस्तलिखित आणि आकृत्या म्युनिकमध्ये अडकून गहाळ झाल्या. १९२२ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा डोलोमाइटमध्ये गेल्या, काम नव्याने उभं केलं आणि १९२७ मध्ये व्हिएन्नात ते छापलं. १९३२ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना लायल पदक दिलं. त्यांना आत घ्यायला २६ वर्षं लावणारी हीच संस्था.

हे सगळं युरोपातलं, आपला काय संबंध, असं वऱ्हाडातल्या वाचकाने विचारलं तर उत्तर बुलढाण्यात आहे. मारिया ज्या वर्षी अठरा वर्षांच्या झाल्या, त्या १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या स्त्रीवर चाललेल्या खटल्यावरून बायकांनाच दोष देणाऱ्यांना बुलढाण्याच्या एका स्त्रीने दिलेला हा जबाब होता. जोतिराव फुल्यांनी तिची पाठराखण केली आणि बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा काढेपर्यंत. वऱ्हाडाला विचार आयात करावा लागला नव्हता. अडचण विचारांची नव्हती, वाटांची होती. १९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चं. व्यं. रामन यांनी बाई म्हणून आधी नाकारलं आणि मग अटी घालून, चाचणीवर घेतलं. म्युनिकमधलं दार बंगळुरूतही होतं.

भूशास्त्रात हे दार कायद्याचंही झालं. १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी घातली. तिच्यामागचा हेतू वाईट नव्हता. जुन्या कोळसाखाणींत बायकांचे झालेले हाल खरे होते आणि अशी बंदी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९३५ मध्ये सुचवली होती. संरक्षण हा या चर्चेतला सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे. पण खाण धोक्याची असेल तर ती सर्वांसाठी सुरक्षित करायची असते. त्याऐवजी एका गटाला वर ठेवलं, तर आत राहिलेल्यांचा धोका तसूभरही घटत नाही. १९८३ मध्ये तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. सेनगुप्तांनी शिर्माखर टेकड्यांच्या खडकांची रचना अभ्यासली. बर्फावरून चालून आलेल्या या भूशास्त्रज्ञाला भारतातल्या भूमिगत खाणीत नोकरी करायला मात्र कायद्याची आडकाठी होती. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने सूट दिली. तीही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात आणि बाईची लेखी संमती घेऊन.

आता अमरावतीत भूशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सालबर्डीच्या परिसरात लाव्हाच्या आधीच्या थरांत डायनासोरची अंडी सापडली आहेत. म्हणजे विद्यार्थ्यांना तेवीस नाही तरी साडेसहा कोटी वर्षं मागे न्यायला आल्प्सची गरज नाही. पण मला अधिक निकडीचं क्षेत्र खारपाणपट्टा वाटतं. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव अशा तालुक्यांत पसरलेला हा पट्टा, आणि त्याच्या उत्तरेला डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूच्या पट्टीत गोडं पाणी. या दोहोंमधली सीमा नकाशावर एका रेघेत दाखवतात, पण ती खोलीनुसार, ऋतूनुसार आणि उपशानुसार सरकते. कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तोंडात घालवत नाही, हे पाणी भरणाऱ्या बाईला सर्वांत आधी कळतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच महिलांना क्षेत्र-चाचणी संचाने पाणी तपासायला शिकवलं जातं, आणि त्या संचात क्लोराइडची चाचणीही असते. त्या नोंदींत आकड्याबरोबर विहिरीची खोली, महिना आणि शेजारच्या नव्या बोअरची तारीख आली, तर कोणताही भूजलतज्ज्ञ त्यांतून सीमेची हालचाल काढू शकेल. मात्र त्यासाठी त्या पाच जणींचं काम पाण्याचा नमुना भरून देण्यापाशी थांबता कामा नये. पुढचं बोअर कुठे घ्यायचं हे ठरतं त्या बैठकीत, नकाशा पुढ्यात घेऊन, त्यांना बसता आलं पाहिजे.