मुलकी, गैरमुलकी आणि परदेशची नोकरी

देऊळगांव राजा म्हटलें कीं बाहेरच्या माणसास बालाजी आठवतो, आणि शेजारचें सिंदखेड राजा म्हटलें कीं जिजाबाईंचें माहेर. हीं दोन्ही गांवें आणखी एका गोष्टीनें विशेष आहेत. तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तीं कैक पिढ्या सरहद्दीवरचीं गांवें होतीं. देऊळगांवाहून जालना सुमारें तीस किलोमीटर. आमची आगगाडी तेथली, मोठा बाजार तेथला, आणि सोयरीकही पुष्कळशी तिकडचीच. परंतु १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, १९०२ च्या करारानें तें वर्षास पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडावर त्यांस कायमचें लावून दिलें, आणि त्यामुळें देऊळगांवकर इंग्रजी अमलांत व जालनेकर निजामाच्या अमलांत अशी स्थिति झाली. बैलगाडीनें सरहद्द ओलांडली कीं कलदार रुपया जाऊन हाली रुपया येई. शंभर कलदारांस सुमारें एकशें सोळा हाली मिळत. मालावर करोडगिरी द्यावी लागे. कचेरींतील मराठी मागें राहून उर्दू सुरू होई. माणसें तेवढीं दोन्हीकडे तींच होतीं, आणि पोळ्याचा बैलही दोन्हीकडे सारखाच सजत असे.

त्या राज्याचा एक शब्द आमच्या भागांतील वृद्ध मंडळींच्या तोंडीं अद्यापि ऐकूं येतो. तो म्हणजे ‘गैरमुलकी’. निजामाच्या राज्यांत सरकारी नोकरी मिळण्यास मनुष्य मुलकी असावा लागे, आणि मुलकी कोणास म्हणावें याचे नियम १९१९ च्या फर्मानानें ठरलेले होते. जो त्या राज्याचा जन्मतः प्रजाजन, तो मुलकी. ज्याच्या जन्माच्या वेळीं बाप सरकारी नोकरींत असून त्याची पंधरा वर्षें सेवा झालेली होती, तो मुलकी. जिचा नवरा मुलकी, ती मुलकी. बाहेरून आलेल्यास मात्र मार्ग एकच : त्यानें राज्यांत किमान पंधरा वर्षें कायमचें वास्तव्य करावें, आपल्या पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असें ठराविक नमुन्यावर प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावें, आणि त्यावर मॅजिस्ट्रेटची साक्ष घ्यावी. एवढें झाल्याशिवाय नेमणूक व्हावयाची तर त्यास खुद्द निजामाची खास मंजुरी लागे.

हा नियम वाईट होता असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतून व मद्रासेकडून आलेल्या शिकलेल्या मंडळींनीं हैदराबादेंतील वरच्या जागा व्यापल्या, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर दारांत उभे राहिले, ही तेथल्या लोकांची तक्रार अगदींच पोकळ नव्हती. तिचें बळ एवढें होतें कीं संस्थान खालसा झाल्यावरही ती शमली नाहीं; १९५२ सालीं हैदराबादेंत गैरमुलकींविरुद्ध मोठी चळवळ होऊन गोळीबारापर्यंत पाळी आली. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हे नियम कायदेशीर ठरविले, आणि १९७३ सालीं संसदेनें ते रद्द केले. आमच्यापुरता हा प्रश्न त्याच्या आधींच, १९५६ सालीं, मराठवाडा व वऱ्हाड एका राज्यांत आले तेव्हांच मिटला होता.

ही जुनी कथा आज सांगण्यास कारण असें कीं, जो शब्द जालन्याच्या नाक्यावर पुसला गेला तो आतां आमच्या मुलांस सॅन होजे, डॅलस व म्यूनिक येथें भेटत आहे. फरक इतकाच कीं त्या वेळीं परक्या राज्यांत गेलेला उमेदवार दसऱ्यास घरीं येऊं शके.

अमेरिकेचेंच उदाहरण विस्तारानें घेऊं, कारण आपल्या घरांतील बहुतेक मुलें तिकडे जातात आणि त्यांच्या पत्रांतून – आतां पत्रें राहिलीं नाहींत, फोनावरून म्हणावयाचें – वडील मंडळींस अर्धेंच कळतें. मुलगा किंवा मुलगी तेथें एम्. एस्. करण्यास विद्यार्थी म्हणून जाते. पदवीनंतर ओपीटी या नांवानें बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते. विषय विज्ञान, तंत्र, स्थापत्य-यंत्रादि अभियांत्रिकी अथवा गणित यांपैकीं असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. ही परवानगी म्हणजे नोकरी नव्हे. नोकरी आपली आपणच शोधावयाची. पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे दिवस एकंदर नव्वदाहून अधिक होतां कामा नयेत, आणि पुढील मुदत मिळाल्यास सारे मिळून दीडशें. हे दिवस कोणी तरी तारीखवार मोजीत असतें, हें देवघरांत दिवा लावणाऱ्या आजीस ठाऊक नसतें. ‘अजून लागली नाहीं का रे?’ असें ती विचारते, आणि नातू हंसून वेळ मारून नेतो.

अर्ज करतांना प्रत्येक कंपनीच्या पत्रकांत दोन प्रश्न असतात. या देशांत काम करण्याची कायदेशीर परवानगी तुम्हांस आहे काय? आणि, आज किंवा पुढें कधीं तुम्हांस कंपनीनें व्हिसासाठीं पुरस्कृत करण्याची गरज पडेल काय? पहिल्याचें उत्तर होय, दुसऱ्याचेंही होय. दुसऱ्या ‘होय’ वर पुष्कळ अर्ज तेथेंच थांबतात. कोणी माणूस ते वाचतही नाहीं. त्यांत द्वेष असतोच असें नाहीं. वकिलाचा खर्च, सरकारी शुल्क आणि सोडतीचा भरंवसा नाहीं, एवढा हिशेब कंपनीला पुरतो. येथें खोटें ‘नाहीं’ लिहिण्याचा मोह होतो व स्नेही तसा सल्लाही देतात. परंतु पुढें कागद मागितले कीं तें उघडें पडतें आणि नोकरीसह नांवही जातें.

सोडत म्हटली ती एच-१-बी या व्हिसाची. १९९० च्या कायद्यानें आलेल्या या व्हिसाच्या जागा वर्षास ६५,०००, आणि अमेरिकेंतच वरची पदवी घेतलेल्यांकरितां आणखी २०,०००. त्या देशाच्या २०२६ या आर्थिक वर्षाकरितां सुमारें ३ लक्ष ४४ हजार नोंदण्या आल्या आणि त्यांतून सुमारें १ लक्ष २० हजार निवडण्यांत आल्या. आजवर ही निवड केवळ चिठ्ठ्या टाकून होत असे. डिसेंबर २०२५ मध्यें निघालेल्या नियमानें ज्याचें वेतन वरच्या पायरीचें त्याच्या चिठ्ठ्या अधिक, असें ठरलें. नवशिक्या मुलास हें अर्थातच जड जाणार. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्यानें नव्या अर्जावर एक लक्ष डॉलरांची रक्कम बसविली. जे त्या देशांतच राहून विद्यार्थ्याचा दर्जा बदलून घेतात त्यांना ती लागू नाहीं, असा खुलासा मागाहून झाला. तरी येथून, म्हणजे पुण्याहून वा नागपुराहून, परस्पर नोकरी मिळवून जाण्याची वाट तिनें फारच अरुंद केली आहे. एक फट राहते, आणि ती हुशार मुलांनाही पुष्कळदां ठाऊक नसते : विद्यापीठें व धर्मादाय संशोधनसंस्था यांच्या नोकऱ्यांस ही संख्येची मर्यादाच नाहीं, त्यामुळें तेथें सोडतीचा प्रश्न येत नाहीं. पगार कमी असतो. झोंप मात्र लागते.

आतां त्या प्रतिज्ञालेखाकडे वळूं. हैदराबादचा मॅजिस्ट्रेट म्हणे : परत जाणार नाहीं असें लिहून द्या, म्हणजे आमचे व्हाल. मुंबईच्या अमेरिकन वकिलातींतील अधिकारी विद्यार्थ्यास म्हणतो : परत जाणार असें पटवून द्या, म्हणजे जाऊं देतों. मागें सोडून जात असलेलें घर त्यागण्याचा हेतु नाहीं हें विद्यार्थ्यानें दाखविणें हा तेथील कायद्याचाच भाग आहे. एच-१-बी मिळाल्यावर मात्र कायदा या प्रश्नाकडे कानाडोळा करतो. परतण्याचा आणि राहण्याचा, असे दोन्ही हेतु एकाच वेळीं बाळगण्यास मुभा असते. चाळीस मिनिटांच्या रांगेनंतर दोन मिनिटांच्या मुलाखतींत बावीस वर्षांच्या मुलानें आपल्या साऱ्या आयुष्याचा हेतु सांगावयाचा, ही अपेक्षा आम्हांस जरा अधिक वाटते. त्याचा हेतु त्यालाही अजून ठाऊक नसतो. तो बहुधा कर्ज फेडावें इतकाच असतो.

एच-१-बी ची मुदत तीन अधिक तीन, मिळून सहा वर्षें. नोकरी सुटली तर दुसरी शोधण्यास फार तर साठ दिवस. त्यांत नवा मालक मिळाला नाहीं तर दर्जा बदलावा अथवा देश सोडावा. २०२२-२३ मध्यें तेथील मोठमोठ्या तंत्रकंपन्यांनीं माणसें काढलीं तेव्हां या साठ दिवसांचा अर्थ कितीएक मराठी घरांस कळला. घराचे हप्ते चालू, मुलें शाळेंत, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक तारीख. या स्थितींत मनुष्य पगाराची घासाघीस करीत नाहीं. पहिली मिळेल ती जागा धरतो. स्थायिकत्वाचा कागद नसणें म्हणजे काय, तर नोकरीच्या बाजारांत ‘नको’ म्हणण्याची शक्ति नसणें.

तो कागद म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारें दिलीं जाणारीं हीं कार्डें वर्षास १,४०,००० च्या सुमारास, त्यांत मालकाचे पुरस्कृत उमेदवार तर आलेच, शिवाय त्यांच्या बायका-मुलांची गणनाही त्यांतच. आणि कोणत्याही एका देशास शेंकडा सातांहून अधिक मिळावयाचीं नाहींत. देश केवढाही असो, वांटणी तीच. परिणामीं २०२५ सालाच्या अखेरीस दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील भारतीयांपैकीं २०१३ सालच्या अर्जदारांची पाळी चालू होती. रांगेंत असल्यामुळें सहा वर्षांपुढेंही एच-१-बी वाढवून मिळतो, परंतु जो आज रांगेंत उभा राहील त्याची पाळी केव्हां येईल तें कोणी सांगूं शकत नाहीं. हैदराबादचीं पंधरा वर्षें त्या मानानें सरळ म्हणावयाचीं. तीं मोजतां तरी येत.

हें दार पूर्वीं याहूनही घट्ट बंद होतें, हेंही सांगितलें पाहिजे. १९१७ च्या कायद्यानें हिंदी मजुरांस अमेरिकेंत प्रवेशच नाहीं असें ठरलें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाहीं असा निकाल झाला. १९४६ सालीं सबंध हिंदुस्थानास वर्षाकाठीं शंभर जागा मिळाल्या. आणि १९६५ नंतर डॉक्टर व इंजिनियर जाऊं लागले. आमच्या विदर्भांतील वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या आधींच गेले होते. ऑरेगॉनला शेतकी शिकले, गदर पक्षांत शिरले, आणि शेवटीं मेक्सिकोनें त्यांना चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत प्राध्यापकी दिली. ज्या देशाकडे निघालों त्यानेंच नोकरी द्यावी असा नियम नाहीं, हें त्यांच्या चरित्रांत दिसतें.

मेक्सिकोची जागा आज कांहीं अंशीं जर्मनीनें घेतली आहे. तेथें १ जून २०२४ पासून ‘शान्सनकार्टे’ म्हणून एक परवाना निघाला. शिक्षण, अनुभव, भाषा, वय इत्यादींचे ठराविक गुण भरले कीं नोकरी हातीं नसतांही वर्षभर तेथें राहून ती शोधतां येते, आणि तोंवर आठवड्यास वीस तास अर्धवेळ काम करतां येतें. पुढें ब्ल्यू कार्डावर असलेल्यास जर्मन भाषा बऱ्यापैकीं येत असेल तर एकवीस महिन्यांत, जुजबी येत असेल तर सत्तावीस महिन्यांत कायम वास्तव्य मिळूं शकतें. अट भाषेची आहे. आणि आमच्या मतें ती फार न्याय्य अट आहे. आखाताचा मार्ग वेगळा. तेथें कायमपण सामान्य नोकरदारास जवळ जवळ नाहींच, आणि ज्यांचें शिक्षण दहावीपर्यंत झालेलें नाहीं त्यांना निवडक देशांसाठीं आपल्या सरकारची उत्प्रवासन-मंजुरी लागते. दलाल सरकारी परवान्याचा आहे कीं नाहीं तें पाहावें. त्याला घेतां येणारी फी कायद्यानें ३०,००० रुपये अधिक कर एवढीच आहे. लाखाची भाषा करणाऱ्यास वाटेला लावावें.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो एकत्र कुटुंबास सर्वांत जवळचा. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. तारणास घर दाखवावें तर मिळकतपत्रिकेवर आजोबांमागून तीन भावांचीं नांवें. म्हणजे काकांची सही, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याचीही. काका सही करतात. ती सही करतांना आपण नक्की कोणत्या जोखमीवर करीत आहों हें त्यांना कोणी सांगत नाहीं; ‘अमेरिकेंत जातो आहे, दोन वर्षांत फेडील’ एवढेंच सांगतात. वर लिहिलेले नव्वद दिवस, सोडत आणि साठ दिवस हे त्यांच्यापुढें मांडूनच सही मागावी, कारण हप्ते थांबले तर बँक त्यांच्याही ओसरीवर येणार आहे. मुलानें परत येऊन पुण्यांत नोकरी धरली तर हप्ता झेपेल काय, हा आंकडा आधीं काढावा. झेपत नसेल तर कर्ज कमी करावें किंवा कॉलेज बदलावें.

मुलींच्या बापांस आणखी थोडें. परदेशचें स्थळ आलें कीं पगार विचारतात, तो डॉलरांत ऐकून पुढें कांहीं विचारीत नाहींत. विचारावयाचें तें हें : व्हिसा कोणता आणि त्याची तारीख काय, ग्रीन कार्डाच्या रांगेंतील आय-१४० हा अर्ज मंजूर झाला आहे काय. कारण एच-१-बी धारकाच्या पत्नीस कामाची परवानगी २०१५ पासून मिळूं लागली ती सामान्यतः तो अर्ज मंजूर असेल तरच; नाहीं तर आपली एम्. टेक्. झालेली मुलगी कैक वर्षें कायद्यानेंच घरीं बसेल. तेथें झालेलीं मुलें जन्मानें नागरिक होत आलीं आहेत. येथून कडेवर नेलेल्या मुलाचा अवलंबित दर्जा मात्र एकविसाव्या वर्षीं संपतो, आणि बाप रांगेंतच असेल तर त्या मुलास, बाराखडीआधीं ज्या देशाची भाषा तो शिकला त्या देशांत, परका विद्यार्थी म्हणून नव्यानें अर्ज करावा लागतो.