बांबूतून वीज जाते का?

पोट्टेहो, चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालात की एसटीच्या खिडकीतून दोन गोष्टी दिसतातच. बांबूची बेटं आणि विजेच्या तारा. वीज तारेतून पळते, मग बांबूतून का नाही?

आधी तारेचं बघू. चंद्रपूरला कोळसा जाळून केलेली वीज भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत जाते. अंतर ७५२ किलोमीटर, दाब पाच लाख व्होल्ट! असल्या मोठ्या लाईनींच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूजवळ बाहेरच्या बाजूला तीन इलेक्ट्रॉन असतात, आणि ते घर सोडलेल्या पोरांसारखे साऱ्या धातूभर हुंदडतात. विजेचा दाब पडला की सगळे एकाच दिशेला सरकू लागतात. हाच विद्युतप्रवाह. टॉवर आणि तारेच्या मधे ज्या बशांच्या माळा दिसतात, त्या असतात काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या. तिथले इलेक्ट्रॉन आपापल्या बंधांत जखडलेले, म्हणून वीज टॉवरच्या लोखंडात उतरत नाही.

वाळलेल्या बांबूतही तसंच. इलेक्ट्रॉन आहेत भरपूर, पण मोकळा एकही नाही.

हिरव्या किंवा पावसात भिजलेल्या बांबूची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या रसात क्षार विरघळलेले असतात. क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पाण्यातून सरकतात आणि वीज वाहून नेतात. म्हणून तारेजवळचे आंबे किंवा अडकलेला पतंग बांबूने काढायला जायचं नाही. बांबू वाळका दिसला तरी नाही. आत किती ओल आहे, ते डोळ्यांना कळत नाही आणि मोठ्या दाबापुढे वाळक्या बांबूचाही भरवसा नसतो.

आता खरी गंमत. हाच बांबू हवा लागू न देता खूप तापवला, तर उरतो कार्बन, आणि त्यातून चक्क वीज जाते! १८८० मध्ये एडिसनने जपानी बांबूची काडी अशीच भाजून दिव्यात तार म्हणून घातली. तो दिवा हजार तासांहून जास्त जळला. आपल्याकडच्या बुरडांच्या सुपातली कामटी बघताना हे आठवा.

असं का होतं? कार्बनच्या अणूला शेजाऱ्याशी जोडायला चार इलेक्ट्रॉन असतात. हिऱ्यात चारही बंधांत अडकतात, म्हणून हिरा वीज अडवतो. ग्रॅफाइटमध्ये तीनच अडकतात, चौथा मोकळा. भाजलेल्या बांबूत अणूंची रचना ग्रॅफाइटच्या जवळ जाते.

पेन्सिलीत ग्रॅफाइटच असतं. दोन्ही टोकं तासलेली आखूड, मऊ पेन्सिल घ्या. दोन साधे सेल, एक छोटा लाल एलईडी आणि मधे ही पेन्सिल, असं वायरने जोडा. पेटला नाही तर एलईडी उलटा लावा. मग पेन्सिलीच्या जागी वाळकी काडी लावून बघा, आणि नंतर तीच काडी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून. घरच्या प्लगाला मात्र यातलं काहीही लावायचं नाही.