मोटारसायकलची चेन : तिचे आयुष्य आणि निगा

दूध डेअरीवर पोहोचविणे, बाजारातून बियाणे-खते आणणे, मळ्यावर फेरी मारणे या कामांसाठी आज बहुतेक घरी मोटारसायकल आहे. इंजिनचे ऑइल वेळेवर बदलावे, हे सर्वांना पटलेले आहे. इंजिनची ताकद मागील चाकापर्यंत नेणाऱ्या चेनकडे मात्र ती कुरकुरू लागल्याशिवाय कोणी पाहत नाही. शंभर ते सव्वाशे सी.सी.च्या मोटारसायकलची चेन नीट राखल्यास साधारणपणे वीस हजार कि.मी. व त्याहूनही अधिक चालते. तीच चेन धूळ-चिखलात विनानिगा ठेवल्यास त्याच्या निम्म्या अंतरातही निकामी होते. असे का होते, हे प्रथम समजून घेऊ.

'चेन ताणली गेली' असे गॅरेजमध्ये म्हणतात. प्रत्यक्षात चेनच्या पट्ट्या रबरासारख्या ताणत नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते व ती एका बारीक नळीत, म्हणजे बुशमध्ये, फिरते. बुशवर रोलर बसविलेला असतो. चेन स्प्रॉकेटवर चढताना व उतरताना प्रत्येक सांधा थोडा वाकतो आणि पिन बुशमध्ये घासते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. पण सांधे शंभराहून अधिक असतात. प्रत्येक सांध्यात केवळ पाव मि.मी. झीज झाली, तरी ११० सांध्यांची चेन सुमारे २७ मि.मी. लांब होते. लांबलेल्या चेनचे रोलर स्प्रॉकेटच्या खाचेत नीट बसत नाहीत, दातांच्या टोकाकडे चढतात व दातही खातात.

पिन आणि बुश यांच्यामधील वंगण सुकले की झीज झपाट्याने वाढते. त्यात पाणंद रस्त्याची बारीक माती शिरली, तर पॉलिश कागदाने घासल्यासारखेच होते. म्हणूनच मळकट चेनवर तसेच तेल ओतणे चुकीचे आहे. तेलाबरोबर माती आत जाते. आधी सफाई, मग तेल, हा क्रम मोडू नये.

सफाई आणि तेल

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिन बंद करावे व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. चाक हाताने फिरवीत, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने रॉकेल लावून चेन धुवावी व कोरड्या फडक्याने पुसावी. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवीत चेन पुसण्याची सवय अनेकांना आहे. फडके चेनमध्ये ओढले जाते आणि त्यामागोमाग बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात. पाच मिनिटे वाचविण्यासाठी हा धोका कदापि पत्करू नये.

धुतलेली चेन सुकल्यावर गिअरसाठी मिळणारे ९० नंबरचे ऑइल लावावे. ते चेनच्या खालच्या पदरावर, आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटींत थेंब थेंब सोडावे. चाक फिरल्यावर ते आपोआप सांध्यात उतरते. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असते, त्या वेळी तेल लावणे उत्तम. दहा-पंधरा मिनिटांनी वरचे जादा तेल पुसून टाकावे. नाहीतर त्यावर धूळ बसते.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना आपण ते चाकाच्या आत घालतो, आऱ्यांना फासत नाही. चेनचेही तसेच आहे. बाहेरून थापलेले घट्ट ग्रीस सांध्यात शिरत नाही, फक्त माती धरून ठेवते. इंजिनमधून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून अनेकजण ते वापरतात. त्यात काजळी व धातूचे सूक्ष्म कण असतात. अशी बचत महागात पडते. काही गाड्यांच्या चेनमध्ये सांध्यांवर रबरी रिंगा असतात. अशा चेनला पेट्रोल, तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा फवारा लावू नये.

कोरड्या दिवसांत दर ५०० कि.मी.ला तेल पुरते. पावसाळ्यात मात्र याच्या निम्म्या अंतरावर, आणि गाडी पंपाच्या पाइपाने धुतली की त्याच दिवशी तेल लावावे. खताच्या पोत्यातून सांडलेली भुकटी किंवा फवारणीच्या टाकीतून गळलेले मोरचुदाचे पाणी चेनवर पडल्यास ताबडतोब धुवावे. दोन्हींमुळे गंज लवकर चढतो.

चेन किती ढिली असावी ?

खालच्या पदराच्या मध्यभागी बोटाने चेन वर-खाली हलवून पाहावी. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत यासाठी रबरी झाकणाचे भोक ठेवलेले असते. लहान मोटारसायकलींत ही हालचाल साधारण २० ते ३० मि.मी. असावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे व जिथे चेन सर्वांत घट्ट लागते, तेथील माप धरावे.

दूधवाल्या बंधूंची मोठी चूक येथेच होते. चेनचा आवाज येतो म्हणून ते ती तारेसारखी घट्ट करतात. मग गाडीवर ४० लिटरचे दोन कॅन चढतात, शॉकअब्सॉर्बर दबतात आणि मागचे चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून आणखी दूर सरकते. आधीच घट्ट असलेल्या चेनला मग वाव उरत नाही. चेन झिजतेच, शिवाय गिअरबॉक्समधील बेअरिंगवर ताण येऊन ते खराब होते. ते काम नव्या चेन सेटहून कितीतरी खर्चिक असते. फार ढिली चेनही वाईट. खड्ड्यात उसळून ती स्प्रॉकेटवरून उतरते, कधी अडकून मागचे चाक जाम करते, तर कधी इंजिनचे आवरण फोडते. चेन बसविल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा समान आहेत ना, हे पाहूनच एक्सलचा नट आवळावा. चाक तिरके बसले की दातांची एकच बाजू खाल्ली जाते.

बदलण्याची वेळ

या गाड्यांत बहुधा ४२८ क्रमांकाची चेन असते. तिच्या दोन पिनांतील अंतर १२.७ मि.मी. असते. कव्हर काढून चेन ताणून धरावी व पहिल्या पिनेच्या मध्यापासून २१व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे माप २५४ मि.मी. भरते. ते २५९ मि.मी.पर्यंत गेले असेल, तर चेन संपली असे समजावे. मोजपट्टी नसल्यास मागील स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बाहेर ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला, तर तोच अर्थ. दात विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसल्यास तपासणीचीही गरज नाही.

नवी चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढविली, तर ती लवकरच जुन्या मापाची होते. मागील स्प्रॉकेट एकदा फिरते तेव्हा पुढील लहान स्प्रॉकेट सुमारे तीन वेळा फिरते. त्यामुळे तेच अधिक झिजते, आणि आवरणाआड असल्याने नेमके तेच बदलायचे राहून जाते.

चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन पुढे जाते त्या दिशेला ठेवावे. उलटी बसविलेली क्लिप एखाद्या दगडाला किंवा उसाच्या पाचटाला अडकून निघू शकते. चेनचे कव्हर व साडी-गार्ड काढून ठेवलेले असल्यास ते परत बसवावे. पदर किंवा ओढणी चेनमध्ये अडकून मागे बसलेल्या बाईला गंभीर इजा होते. नवा सेट पहिल्या पाचशे कि.मी.त थोडा बसतो व चेन ढिली होते, म्हणून त्या वेळी एकदा माप तपासून घ्यावे.