एक गडी, तीन धनी

अपघात होतो. पोलीस, बघे, समोरचा गाडीवाला, सगळ्यांचं आटोपतं आणि मग टोइंगवाला गाडी वर चढवता चढवता विचारतो, ‘साहेब, कुठं सोडायची?’ विमा घेताना हप्त्यातल्या दोनशे रुपयांसाठी चार कंपन्यांची कोटेशनं ताडून पाहणारा माणूस इथं मात्र ‘जवळ कुठलं कॅशलेस असेल तिथं सोडा’ म्हणून मोकळा होतो. गाडी पुढचे पंधरा दिवस कुणाच्या ताब्यात राहणार, तिच्यात कुठले पार्ट पडणार, खिशाला किती चाट बसणार आणि तीन पावसाळ्यांनी जोडाजवळून गंज डोकावणार की नाही, हे बरंचसं त्या एका उत्तरात ठरून गेलेलं असतं.

बॉडीशॉप ही तशी चमत्कारिक संस्था आहे. गाडी तुमची असते. बिलाचा मोठा वाटा विमा कंपनी भरते. आणि दुकान अधिकृत असेल तर दारावरची पाटी, आतले पार्ट आणि कामाची पद्धत गाडी बनवणाऱ्या कंपनीची. एका गड्याला तीन धनी. यातला गाडीवाला आयुष्यात दोन-तीनदा येतो, विमा कंपनी महिन्याला डझनावारी गाड्या पाठवते. गडी कुणाचं आधी ऐकणार, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच कुठल्या दुकानात जायचं हा निर्णय तरी आपल्या हातून सुटू देऊ नये.

आणि तो हातात असतोही. कॅशलेस गॅरेजांची यादी ही सोय आहे, सक्ती नव्हे. यादीबाहेरच्या गॅरेजात गाडी नेता येते. फक्त काम उघडण्याआधी कंपनीला कळवायचं, नुकसान पाहायला तिनं पाठवलेल्या सर्व्हेयरला गाडी दाखवायची, बिल आधी आपण भरायचं आणि मग पैसे परत मागायचे. खाजगी गाडीची नेहमीची पॉलिसी अजूनही बव्हंशी 2002 च्या मोटर टॅरिफच्या भाषेत लिहिलेली असते. ती नीट वाचली तर करमणूकही होते. गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी ओढून नेण्यासाठी 1500 रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि 500 रुपयांपर्यंतची दुरुस्ती मालक स्वतःच्या अधिकारात करून घेऊ शकतो! 500 रुपयांत आज हेडलाइटचा बल्बही सन्मानानं बसत नाही. पण त्याच मजकुरातली एक अट मात्र गंभीरपणे घ्यावी अशी आहे: अपघातानंतर गाडीचं आणखी नुकसान होऊ न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. रेडिएटर फुटलेला असताना ‘हळूहळू नेतो घरापर्यंत’ म्हणून इंजिन जाळलं, तर त्या इंजिनाचे पैसे विसरायचे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहणाऱ्यांचंही असंच होतं. मुंबई-पुण्याच्या दर पावसाळ्यात हा प्रकार घडतो.

‘कॅशलेस’ म्हणजे खिशाला हात लावायचा नाही, हा समज डिलिव्हरीच्या दिवशी उतरतो. समजा, साडेतीन वर्षांची गाडी आहे आणि पुढून डावीकडे ठोकली आहे. बंपर 8000 रुपयांचा, फेंडर 5000 चा, रंगकाम 6000, मजुरी 3000. कर बाजूला ठेवले तर 22,000 झाले. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या वस्तूंवर घसारा सरसकट 50 टक्के, म्हणजे बंपरचे 4000 आपले. पत्र्याचा घसारा वयावर ठरतो. पहिले सहा महिने शून्य, मग वाढत वाढत तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, दहा वर्षांपुढे निम्मा. फेंडरचे 1250 आपले. रंगकामाचं बिल एकत्रित असेल तर त्याचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या मालावर निम्मा घसारा, म्हणजे 750. वर सक्तीची वजावट, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000. बेरीज 7000. काच तेवढी पूर्ण भरून मिळते, तिच्यावर घसारा नाही.

जादा हप्ता भरून ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर घेतलं असेल तर घसाऱ्याचे 6000 वाचतात, पण वजावट राहतेच. शिवाय ‘नो क्लेम बोनस’ जातो. हा बोनस पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर 20 टक्के असतो आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढतो. एका क्लेमनं तो शून्यावर येतो. पार्किंगच्या खांबाला घासलेल्या बंपरसाठी क्लेम करणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. तिथं ओळखीच्या पेंटरकडे रोख पैसे देऊन विषय संपवावा.

झिरो डेपनं आणखी एक गोष्ट केली. गाडीवाल्याचा पार्टच्या किमतीतला रस संपवला. साध्या पॉलिसीत ‘बंपर बदलू की जोडू?’ असं विचारलं की माणूस घासाघीस करतो, कारण निम्मे पैसे त्याचे असतात. झिरो डेपवाला म्हणतो, बदला. डीलरच्या बॉडीशॉपलाही बदलणंच आवडतं. पार्टवर नफा सुटतो आणि वेळ वाचतो. विमा कंपनीला जोडणं आवडतं. तिच्या सर्व्हेयरचा आणि बॉडीशॉप मॅनेजरचा जो काही संवाद होतो, तो बहुतेक वेळा या दोन क्रियापदांभोवतीच फिरतो. यात कोण बरोबर, हे पार्टवर अवलंबून आहे. हेडलाइटचा एक कान तुटला असेल तर काही गाड्यांना कानाचा वेगळा किट मिळतो, अख्खा दिवा बदलणं उधळपट्टी आहे. पुढचा फेंडर, बॉनेट, दार ही बोल्टवर बसणारी मंडळी, बदलली तरी गाडीच्या सांगाड्याला धक्का नाही. मागच्या चाकावरचं क्वार्टर पॅनल मात्र सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे गाडी कापायची. ते खेचून, ठोकून सरळ होत असेल तर चांगला डेंटर ते कापायला निघणार नाही. आणि कापलंच, तर वेल्डच्या जोडाला आतून सीलंट आणि पोकळीत मेणासारखं गंजरोधक मारावं लागतं. हे बाहेरून कधीच दिसत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या गाडीला ते मारलं होतं की नाही, हे दोन-तीन पावसाळेच सांगतात.

म्हणून दुकान निवडताना काचेचं केबिन, कॉफीचं मशीन आणि टाय लावलेला ॲडव्हायजर यांच्याकडे फार पाहू नये. मागं जाऊ द्यायला सांगावं. ‘इन्शुरन्सच्या नियमात बसत नाही’ असं म्हणून जे दुकान मागं जाऊ देत नाही, त्याच्याबद्दल मी माझं मत तिथंच बनवून टाकतो.

मागं पहिल्यांदा कान भरतात. हातोडी आणि डॉलीचा टणटणाट, मधूनच पुलरचा खटका. खड्डा पडलेल्या पत्र्याला छोटी वॉशर स्पॉटवेल्ड करायची, तिच्यात पुलरचा आकडा अडकवायचा आणि सरकत्या वजनाच्या झटक्यानं पत्रा बाहेर ओढायचा. हे काम जितकं नीट, तितकी वर पुट्टी कमी. घाईचा डेंटर अर्धा खड्डा पुट्टीनं भरतो, रंग चढल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि दीड वर्षानं एकाची पुट्टी तडकते. रंगाची जाडी मोजायचं एक हातात मावणारं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, पुट्टीवर तोच आकडा कित्येक पटींनी उसळतो. जुन्या गाड्यांचे दलाल ते खिशात घेऊन फिरतात. नवी दुरुस्ती करून घेणाऱ्यालाही ते वापरायला काही हरकत नाही.

धडक मोठी असेल तर बेंच पाहायचा. गाडी त्याच्यावर जखडतात, खालच्या ठरावीक बिंदूंची मापं उत्पादकाच्या तक्त्याशी मिलिमीटरमध्ये जुळवतात आणि साखळ्यांनी खेचतात. आजच्या गाड्यांच्या पिलरांत फार ताकदीचं पोलाद असतं. त्याला गॅसकटरनं तापवून वाकवलं की त्याची ताकद जाते. दिसायला पिलर सरळ, पुढच्या अपघातात मात्र कागद. फुटलेली एअरबॅग आणि तिच्याबरोबर उडालेला सीटबेल्टचा प्रीटेन्शनर बदलावेच लागतात. तिथं जुगाड करणाऱ्या गॅरेजात स्कूटरही देऊ नये. नव्या गाड्यांत बंपरमागं रडार आणि काचेमागं कॅमेरा आला आहे. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं आणि रडारसमोरच्या बंपरवर रंगाचे थरावर थर चढवून चालत नाही. ते यंत्र आणि ते शिकलेला माणूस आहे का, हे आधीच विचारलेलं बरं.

मग पेंटर. बॉडीशॉपमधला सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात जास्त मान असलेला माणूस. कारखान्यात नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावरचा रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात. दुरुस्तीच्या गाडीत वायरी, प्लॅस्टिक, रबर सगळं बसलेलं असतं, तिला तेवढी उष्णता दाखवता येत नाही. म्हणून इथं हार्डनर मिसळलेला रंग लागतो, जो 60 अंशांना अर्ध्या तासात पक्का होतो. त्यासाठी बूथ हवा. वरून गाळलेली हवा, खाली शोषून घेणारी जाळी. बूथ नसलेला पेंटर धूळ बसवायला जमिनीवर पाणी मारतो आणि भर पावसात काम घेत नाही. हवेतल्या दमटपणानं रंगाची चकाकी मरते हे तो अनुभवानं जाणतो. असल्या शेडमध्येही मी उत्तम काम पाहिलं आहे, आणि बूथ असलेल्या दुकानात क्लिअर कोटखाली अडकलेला केसही पाहिला आहे. बूथ आहे का, याच्याबरोबरच त्याचे फिल्टर शेवटचे कधी बदलले, हेही विचारावं.

शेड जुळवणं हा खरा कस. गाडीवर रंगाचा कोड असतो, त्यावरून यंत्र सूत्र देतं, काट्यावर ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत रंग तोलतात. तरीही तो जुळेलच असं नाही, कारण तुमची गाडी चार उन्हाळे खाऊन बसली आहे. सिल्व्हर आणि मोती पांढरा हे दोन रंग सगळ्यात छळतात. सिल्व्हरमधले ॲल्युमिनियमचे कण गनच्या प्रेशरप्रमाणं, हाताच्या अंतराप्रमाणं आडवे-उभे बसतात आणि एकाच डब्यातला रंग दोन हातांत दोन छटा दाखवतो. म्हणून जाणता पेंटर आधी टेस्ट पॅनलवर मारतो, ते उन्हात गाडीला लावून पाहतो, आणि रंग दाराशी कापून न थांबवता शेजारच्या पॅनलवर विरवत नेतो. विमा कंपनी या विरवण्याचे पैसे द्यायला कुरकुरते, कारण शेजारचं पॅनल ठोकलेलं नसतं. त्यावर बॉडीशॉप तुमच्या बाजूनं भांडतं की ‘साहेब, एवढा फरक चालतो’ म्हणून तुमचीच समजूत काढतं, यावरून ते कुणाचं चाकर आहे ते कळतं.

मग सगळ्यांनी अधिकृत बॉडीशॉपमध्येच जावं का? मला तसं वाटत नाही. पुण्यात नाना पेठेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जी कारागिरी आहे ती कुठल्या शोरूमनं शिकवलेली नाही. या लोकांची अडचण हाताची नव्हती, मालाची होती. अस्सल पार्ट आणि निदानाची यंत्रं कंपन्या आपल्या डीलरांबाहेर जाऊ देत नसत. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना यावरून सुमारे 2545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. काउंटरवरची ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ ही धमकी मात्र अजून तशीच ऐकू येते.

स्थानिक गॅरेजचा खरा दुबळेपणा कागदाचा आहे. तपशीलवार एस्टिमेट, जीएसटीचं बिल, पार्टची खरेदी पावती यातलं काही नसेल तर सर्व्हेयर कात्री लावणारच. आणि हे काम वाटतं तितकं किरकोळ नाही. बॉनेट उघडल्यावर आत आणखी नुकसान सापडलं, तर ते काम करण्याआधी सर्व्हेयरला पुन्हा कळवावं लागतं. अधिकृत दुकानात यासाठी पगारी माणूस असतो. बाहेर तो माणूस तुम्हीच. तुमच्याकडे तेवढा वेळ आणि चिकाटी असेल, तर माझं मत चांगल्या डेंटरच्या पारड्यात. नसेल, आणि गाडी वॉरंटीत असेल, एअरबॅग उडाली असेल, तर डीलरकडे जा.

दोन्हीकडे एक वाक्य कानावर येईल: ‘मागचा जुना डेंटही यातच बसवून टाकू.’ याला नाही म्हणावं. धडकेची दिशा, जुना गंज, ओरखड्यातली धूळ हे सर्व्हेयरला वाचता येतं. एका खोट्या डेंटनं खऱ्या क्लेमवर संशय येतो, आणि क्लेम फॉर्मवर सही तुमची असते, ॲडव्हायजरची नसते.

डिलिव्हरी दिवसा घ्यावी. बेसमेंटच्या ट्यूबलाइटमध्ये सगळे सिल्व्हर सारखे दिसतात. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, गाडी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडल्यावर एका अंगाला ओढते का, हे पाहावं. बदललेले जुने पार्ट दाखवायला सांगावेत. ते भंगार म्हणून विमा कंपनीच्या हिशोबात जातात, पण पाहायला कुणाची ना नसते. समाधानपत्रावर सही यानंतर करावी. बहुतेक दुकानांत तो कागद बाकीच्या कागदांच्या मध्ये सरकवलेला असतो.

आणि बिनसलंच, तर कुठं जायचं हेही माहीत असावं. क्लेम कापला, अडवला, लांबवला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. पण रंग उडाला, दार बसत नाही, वेल्ड तडकला, ही भांडणं गॅरेजशी आहेत. कॅशलेस यादीत नाव असलं तरी विमा कंपनी तिथं हात झटकते आणि ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते. तिथं कामाला येतात ते एस्टिमेट, बिल आणि गाडी दुकानात सोडताना चारही बाजूंनी काढलेले फोटो.