आधी स्प्रिंग, मग शॉकअप

किट कारच्या घराण्यातलं गाजलेलं नाव म्हणजे कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन. सुटे भाग घेऊन घरीच गाडी जोडली की ब्रिटनमध्ये खरेदीकर वाचायचा. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर बनवली, फायबरग्लासची बॉडी आणि इसुझूचं १.८ लिटर इंजिन असलेली.

अशा हलक्या गाडीला कडक स्प्रिंग बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण स्प्रिंग वजन पेलते आणि हेलकावे शॉकअप थांबवतो. कडक स्प्रिंगसोबत जुना शॉकअप ठेवला, तर गाडी चेंडूसारखी उसळते.

थोडं गणित. ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग आहे, पण चाक १० मिलिमीटर उचललं तर ती ७ मिलिमीटरच दबते. मग चाकाला जाणवणारा कडकपणा ४० गुणिले ०.७ चा वर्ग, म्हणजे १९.६. निम्म्याहूनही कमी! त्या चाकावर १२० किलो भार असेल, तर गाडी सेकंदाला साधारण दोनदा हेलकावते. घरच्या गाडीत हा आकडा एक ते दीड असतो. ट्रॅकवर दोन झकास. सुरतजवळच्या इच्छापोरहून हजिऱ्याकडे, अवजड ट्रकांच्या रस्त्यावर, कंबर तक्रार करणारच.

आणखी एक गैरसमज: शॉकअपवरची रिंग पिळली की स्प्रिंग कडक होते. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये तसं होत नाही. गाडी फक्त उंच होते.